त्रेचाळीस दिवसांची उडी

पाडव्याच्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी रंगनाथ जगदाळे यांनी भाऊबंदांच्या विहिरीत उडी मारली, आणि त्रेचाळीस दिवसांनी ते पाण्याला लागले. मधला सगळा वेळ ते हवेत होते.

चूक कुणाची म्हणाल तर तुपाची. बेलदरेवाडीत जगदाळ्यांच्या चार घरांत मिळून एक विहीर. गोल, दगडी बांधकामाची, आत उतरायला पायऱ्या आणि वर जुन्या मोटेची धाव, म्हणजे पूर्वी मोटेचे बैल चालायचे तो काठालगतचा उतार. पाडव्याला घरातल्या कर्त्या माणसानं धावेवरून पहिली उडी मारायची आणि तो वर आला की मगच बाकीच्यांनी पाण्यात उतरायचं, असा तिथला रिवाज. रंगनाथराव अठरा वर्षं ती उडी मारत आले होते. पाठीला सुका भोपळा बांधून अर्ध्या गावाला पोहायला त्यांनीच शिकवलं. बायकोला तेवढं शिकवलं नाही, कारण जगदाळ्यांच्या बायका विहिरीवर धुणं घेऊन जात, पाण्यात उतरत नसत. त्या घरात नवरा-बायको एकमेकांचं नावही घेत नसत. ते "अगं" म्हणत, सुलोचनाबाई "अहो" म्हणत, आणि अठ्ठावीस वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

यंदा पुण्याहून लेकीनं, रेवतीनं, नवा फोन पाठवला होता. "आई, बाबांची उडी स्लो मोशनमध्ये काढ," असं तिनं सांगितलं होतं. "खाली पट्टी येते बघ, ती थोडी उजवीकडे सरकव. थोडीच हं."

सुलोचनाबाई पुरणपोळ्या लाटायच्या सोडून, हात पदराला पुसून धावत आल्या होत्या. पण तूप ते, पुसून थोडंच जातं! बोट पट्टीवर ठेवलं ते सुळकन सरकत पार टोकाला गेलं. त्या टोकाला किती पट हळू, याचा आकडा नव्हता. तिथं नुसतं एक कासव होतं.

रंगनाथरावांनी धावेवरून उडी घेतली, काठापासून हातभर पुढं गेले आणि तिथंच राहिले. गुडघे पोटाशी घेतलेले, मान वळवून बायकोकडे पाहत, तोंड अर्धवट उघडं. काठावर चाळीसेक माणसं होती. सुलोचनाबाईंनी घाईघाईनं लाल टिकली दाबली, व्हिडिओ बंद झाला. नवरा होता तिथंच होता.

"दादा," रंगनाथरावांचे चुलत भाऊ तात्या काठावरून वाकून म्हणाले, "पडा की आता!"

निकम गुरुजींना बोलावलं गेलं. गुरुजींनी चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेलं. त्यांनी मोजपट्टी सोडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडली, आठ दिवस रोज सोडत राहिले आणि मग सांगितलं, "थांबलेले नाहीत. पडतायत. सुरुवातीला हळू, नंतर वेग येईल. तीस फूट आहे. त्रेचाळिसाव्या दिवशी पाण्याला लागतील."

"दोर लावून ओढून घेऊ या," तात्या म्हणाले.

"बिलकूल हात लावायचा नाही. आपण अलगद बोट टेकवलं तरी त्यांच्या लेखी ते बंदुकीच्या गोळीच्या वेगानं येणार."

रेवतीनं पुण्याहून फोनच्या कंपनीशी बोलून पाहिलं. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि असं कळवलं की कासवावर गेलेला माणूस सशावर घेतला की सरळ होतो, पण या फोनात ससा नाही. ससा पुढच्या मॉडेलात द्यायचा विचार आहे. ते कधी येणार, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तलाठी लोखंडे पंचनाम्याला आले. त्यांची खरी अडचण होती. पडून मेला, पडून जखमी झाला, पडून बेपत्ता झाला, या तिन्हींना रकाने होते. त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि शेवटी लिहिलं, 'सदर इसम पडलेला नसून पडत आहे. प्रकृती उत्तम दिसते.' पाच पंचांनी सह्या केल्या. सुलोचनाबाईंनी चहा दिला. तलाठ्यांनी जाताना विहिरीकडे बघून नमस्कार केला, आणि उत्तर यायला वेळ लागेल हे लक्षात घेऊन ते निघाले.

खरा घोर पाण्याचा होता. पाडव्याला विहिरीत तीन पुरुष खोल पाणी होतं. चार घरांच्या मोटारींच्या पाळ्या ठरलेल्या, आणि वैशाखात विहीर तळ दाखवते हे पोराटोरांनाही ठाऊक. त्रेचाळीस दिवस मोटारी चालल्या, तर रंगनाथराव जिथं पोचणार होते तिथं पाणी नसून खडक असणार होता.

सुलोचनाबाईंनी काठावर बसकण मारली. सकाळी भाकरी बांधून यायच्या त्या दिवेलागणीला उठायच्या. त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी रोज चार बोटं खाली जात होतं आणि नवरा रोज त्याच्या मागं जात होता. बाकीच्या दोन घरांनी मोटारी बंद केल्या. तात्यांची चालू होती.

"भाऊजी, बंद करा हो," त्या म्हणाल्या.

"वहिनी, माझा दीड एकर ऊस वाळतोय. माणूस तुमचा, मान्य. पण पाणी चौघांचं आहे." तात्यांनी बरोबर गुरुजींनाही आणलं होतं, कारण त्यांना एक मुद्दा सुचला होता. "मी काय म्हणतो गुरुजी, एवढ्या हळू पडणाऱ्या माणसाला पाणी कशाला लागतंय? कापसासारखा टेकंल की अलगद!"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "तात्या, हळू ते आपल्याला दिसतंय. त्यांच्यापुरते ते तीस फुटांवरून दणकन पडतायत. खाली खडक असला तर हाडं मोडायचीच. फक्त मोडायला दोन दिवस लागतील, आणि आपण सगळे इथं उभं राहून बघू."

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते विहिरीत वाकून बघत राहिले. त्यांना या माणसानंच पोहायला शिकवलं होतं. सातव्या वर्षी भोपळ्याची दोरी सुटली तेव्हा केसांना धरून वर काढलं होतं. तात्या मोटारीच्या पेटीपाशी गेले, तिन्ही फ्यूज उपटले आणि सुलोचनाबाईंच्या ओटीत टाकले.

"हे तुमच्यापाशी ठेवा. माझ्यापाशी ठेवले तर माझा मला भरवसा नाही."

बाईंनी ते पदराच्या गाठीला बांधले. ऊस वाळला तो वाळलाच. तात्या रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून त्याला बघायचे आणि मग येऊन विहिरीपाशी बसायचे. पाणी दोन पुरुषांवर टिकलं.

आता बसल्या बसल्या बाईंना दुसरं काम नव्हतं, तेव्हा त्या नवऱ्याचं तोंड बघायच्या. अठ्ठावीस वर्षांत इतका वेळ त्यांनी ते बघितलंच नव्हतं. कानामागं एक तीळ होता, त्याची त्यांना खबरच नव्हती. आणि त्यांच्या हेही ध्यानात आलं की ते तोंड हलतंय. पहिले आठ-दहा दिवस ओठांचा चंबू होत होता. पुढं जीभ वर टाळ्याला लागली आणि ओठ पुन्हा गोल झाले. आवाज येत नव्हता. गुरुजी म्हणाले, इतका सावकाश आवाज माणसाच्या कानाला लागत नाही.

एकतिसाव्या दिवशी दात जवळ येऊन जीभ त्यांच्या मागं टेकली, आणि बाईंच्या सर्वांगावर काटा आला.

"अगं बाई!" त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय झालं?" तात्या धावत आले. "दुखतंय का दादाला कुठं?"

बाईंना सांगवेना. सु, मग लो, आता च. चाळीस माणसांदेखत, भाऊबंदांच्या विहिरीवर, नवरा त्यांचं नाव घेत होता, आणि तेसुद्धा महिनाभर घेत होता. लाजेनं त्यांचे कान तापले. पण त्या दिवशी त्या अंधार पडेपर्यंत काठावरून उठल्या नाहीत.

बेचाळिसाव्या दिवशी सगळं गाव जमलं. रंगनाथराव पाण्यापासून दीड फुटावर होते. पाणी भरपूर होतं, तात्यांनी दोनदा काठी घालून बघितलं. लोक एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. सुलोचनाबाईंनी घरी पुरण शिजत घातलं होतं. त्यांनी सहज विचारलं, "गुरुजी, उद्या पडले म्हणजे वर कधी येतील? पोळ्या गरम वाढायच्यात."

गुरुजी खाली बघायला लागले. हे गणित त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात केलं होतं आणि खिशात ठेवलं होतं.

"वहिनी, पाण्याखालून डोकं वर यायला चार महिने. पुढं पायरीपर्यंत पोहायचं, मग बावन्न पायऱ्या चढायच्या. भराभर चढले तरी पाच मिनिटं लागतात माणसाला."

"मग?"

"त्यांची पाच मिनिटं म्हणजे आपली सव्वीस वर्षं."

तात्या मटकन धावेवर बसले. सुलोचनाबाई एकोणपन्नासच्या होत्या. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. नवरा पायरीवर पाय पुसत, आत्ता आहे तस्सा बावन्नचा वर येणार, आणि काठावर त्याला पंचाहत्तरीची म्हातारी दिसणार, तीही दिसली तर. एवढे दिवस त्या माणूस पडेल कसा याची काळजी करत बसल्या होत्या. पडल्यानंतरची काळजी करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या उठल्या, बाजूला जाऊन रेवतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं रडू ऐकू आलं. मग रेवतीनं विचारलं, "तुम्ही दोघं वर याल तेव्हा मी किती वर्षांची असेन?"

"बावन्न."

"म्हणजे बाबांच्या एवढी." ती पुन्हा थोडी रडली. "मी टॉवेल घेऊन पायरीवर उभी असते, आई. तू पदर खोचून घे."

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी रंगनाथरावांच्या टाचा पाण्याला लागल्या. पाण्याला त्यांच्याभोवती वाटीएवढी खळी पडली आणि तशीच राहिली. तोंड आता चांगलं उघडलं होतं. 'ना' चालला होता.

सुलोचनाबाई धावेवर आल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, एका हातात फोन, दुसऱ्या हातात तुपाची वाटी. त्यांनी पदराची गाठ सोडून तिन्ही फ्यूज तात्यांच्या हातात दिले.

"वहिनी, हे मला नका देऊ," तात्या म्हणाले. "सव्वीस वर्षं हो!"

"तुम्हालाच देते. दोघांपुरतं पाणी ठेवा, भाऊजी. आणि हा फोन धरा."

"तुम्हाला पोहता कुठं येतंय?"

"मला नाही येत. त्यांना येतंय ना? त्यांच्या हिशेबानं मागोमाग दीड सेकंदानं पोचते. गावाला शिकवलं, मलाही शिकवतील." त्यांनी तात्यांच्या बोटाला तूप लावलं. "पट्टीवर ठेवा आणि सोडून द्या. कासव दिसलं की बास."

तात्यांनी बोट पट्टीवर ठेवलं आणि तुपानं आपलं काम केलं. सुलोचनाबाईंनी उडी मारली, काठापासून हातभर पुढं गेल्या आणि तिथंच राहिल्या. बायकांमध्ये एकच कल्लोळ उठला. जगदाळ्यांची सून विहिरीत उतरली, याचाच धक्का काहींना जास्त बसला होता. तात्यांनी लाल टिकली दाबली, फोन रुमालात गुंडाळला, फ्यूज बंडीच्या आतल्या खिशात घातले. मग पोहायला म्हणून आलेल्या पोरांना त्यांनी सांगितलं, "घरी जावा रे. पहिली उडी अजून चालू आहे."

महिन्याभरानं तलाठी लोखंडे पुरवणी पंचनाम्याला आले. त्यांनी 'सदर इसम' खोडून 'सदर इसम व त्यांच्या पत्नी' असं केलं. मग विहिरीत डोकावले. "या काहीतरी बोलतायत वाटतं," ते म्हणाले. "काय म्हणतायत? बोलल्याची नोंद घ्यावी लागते."

तात्या महिनाभर काठावर बसून होते. पहिल्या आठवड्यात जीभ वर वळली होती, मग जीभ मागं ओढली जाऊन नाकातला उच्चार झाला होता, आणि कालपासून जीभ दातांना टेकली होती. उखाणा नाही की काही नाही, वहिनी सरळ नाव घेत होत्या. तात्यांनी मान खाली घातली.

"ते लिहू नका, भाऊसाहेब," ते म्हणाले. "ते त्यांच्या घरातलं आहे."