दारामागचा कोट

यंदा ग्विलिमला बोलवायचं नाही, असं इद्वलने ठरवलं आणि सगळं तिथून बिघडलं.

इद्वल काही ठरवायला लागला की घरातल्या शहाण्या माणसाने (म्हणजे नेरिसने) आधी दुधाची भांडी उचलून ठेवावीत, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण ही गोष्ट दुधाची नव्हती, कोकरांची होती. मेंढ्या व्यायचे दिवस, आणि ओढ्यापलीकडच्या रानातली एक कोल्हीण अंधार पडला की सासुरवाशीण माहेरी यावी तशी हक्काने कुरणात यायची. आली की कोकरू उचलून न्यायची. आता तिचा पाय घराच्या अंगाला वळला होता. आणि घरामागच्या तारेच्या कुंपणात नेरिसची दोन पोरकी कोकरं होती.

त्यांची आई वितानाच गेली. नेरिसने त्यांना फडक्याने चोळून जिवंत केलं, बाटलीने दूध पाजलं. त्यातलं काळं तर पहिल्या रात्री मेल्यातच जमा होतं. आता ते तिचा आवाज ऐकला की कुंपणाला धडका मारायचं. या दोघांसाठी नेरिसचा जीव तुटायचा, पण हे कोणी बोलून दाखवलं असतं तर तिने त्याला बाटलीनेच मारलं असतं.

"ग्विलिमला फोन कर," ती म्हणाली.

"नको. मागच्या वर्षी त्याने बाजारात काय सांगितलं ठाऊक आहे ना? मी बॅटरी उलटी धरली आणि कोल्ह्याऐवजी स्वतःच आंधळा झालो, म्हणे!"

"मग खोटं होतं का?"

"प्रश्न तो नाही."

ग्विलिम म्हणजे शेजारचा. बंदूक आणि मोटारीच्या दिव्याएवढी बॅटरी घेऊन तो गावभरचे कोल्हे मारायचा, म्हणून ग्विलिम बॅटरी. अर्धं गाव जोन्स आडनावाचं आणि उरलेलं डेव्हिस, तेव्हा माणसाला काहीतरी शेपूट लावल्याशिवाय ओळखायचं कसं? ही शेपटं लावायचं काम गावाने न सांगता नेरिसकडे सोपवलं होतं. तिने दुकानात उभं राहून एकदा नाव उच्चारलं की ते त्या माणसाच्या थडग्यापर्यंत जायचं.

इद्वलने आधी खुराड्यात रेडिओ लावला. माणसाचा आवाज आला की कोल्हा फिरकत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. कोल्हीण आली, भजनं चालू असताना कोंबडा घेऊन गेली, जाताना रेडिओला धक्कासुद्धा लागू दिला नाही.

"बातम्या संपेपर्यंत थांबली असेल बिचारी," नेरिस म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त ऐकते ती."

दुसऱ्या दिवशी दुकानात पाव घेताना तिने नवऱ्याचा उल्लेख 'आमचा इद्वल रेडिओ' असा केला. संध्याकाळपर्यंत पोस्टमनसुद्धा तेच म्हणायला लागला.

माणूस एवढ्यावर गप्प बसला असता. पण हा इद्वल! शनिवारी तो शेतकऱ्यांचा पेपर नाचवत स्वयंपाकघरात आला. नेरिस कोकरांचं दूध ढवळत होती.

"सापडलं! कोल्हा माणसाच्या वासाला भितो. अंगात घातलेला, न धुतलेला कपडा कुंपणावर टांगायचा. बस्स."

"टांग की तुझी विजार. कोल्हा काय, सगळा तालुका गाव सोडून जाईल."

"माझा वास तिच्या ओळखीचा झालाय." इद्वल जरा घुटमळला. "मी म्हणत होतो, तुझा एखादा कपडा."

चमचा थांबला. "माझाच का?"

"अगं, तुला सगळेच भितात. पोस्टमन भितो, कुत्रा भितो. पाद्रीबुवा आपल्या दारात आले की आधी खिडकीतून बघतात, तू घरात आहेस का."

याचा राग यायला हवा होता. पण नेरिसला आतून बरंच वाटलं. (खरं बोललं की खरं वाटतंच.) कोल्हिणीलाही आपली ओळख झालेली बरी, असं तिच्या मनात आलं.

"दारामागचा कोट घे आणि माझ्यासमोरून जा," ती म्हणाली, बाटल्या उचलून बाहेर पडली आणि ते बोलणं विसरली. तिला इद्वलच्या युक्तीवर काडीचा भरवसा नव्हता. त्याची पाठ वळताच तिने गुपचूप ग्विलिमला फोन केला होता.

रात्री इद्वल खुर्चीत घोरायला लागला तशी ती मागच्या दाराने बाहेर पडली. ग्विलिम बंदूक घेऊन मोरीपाशी उभा होता.

"बॅटरी कोण धरणार?" त्याने विचारलं.

"मी."

"सरळ धरशील ना? तुमच्या घराण्याचा काही..."

"ग्विलिम, कोल्हा नाही सापडला तर मला दुसरं कोणीतरी चालेल."

ग्विलिमने बॅटरी तिच्या हातात दिली. दोघं भिंतीच्या आडोशाला बसली. ग्विलिमने मनगटाला ओठ लावून चुरुचुरु आवाज काढला, जखमी ससा रडतो तसा. नेरिसने कुंपणाच्या कडेकडेने झोत फिरवला, आणि वरच्या टोकाला, मातीच्या बांधापुढे, दोन डोळे चमकले. शेजारी शेजारी. लखलखीत. तिच्याकडेच बघत होते.

"तीच," नेरिस कुजबुजली.

ग्विलिमने पुन्हा चुरुचुरु केलं. डोळे हलले नाहीत.

"धीट आहे गं. बॅटरीला डोळा मिचकावत नाही."

"मार."

"थांब जरा. नुसते डोळे दिसतायत, अंग दिसत नाही. अंग दिसल्याशिवाय मी..."

"अंग बघून काय लग्न करायचंय तिच्याशी? खाली माझी कोकरं आहेत. मार म्हणते ना!"

पोस्टमन, कुत्रा, पाद्रीबुवा यांच्या रांगेत ग्विलिमही होताच. त्याने मारली. डोळे खाली कोसळले.

"एका गोळीत!" ग्विलिम म्हणाला.

"मी बॅटरी धरली होती म्हणून," नेरिस म्हणाली.

दोघं ऐटीत चढ चढून गेली. बांधापाशी काळं काहीतरी पसरलेलं होतं. ग्विलिमने ते बुटाने उलटवलं. त्याला कॉलर होती.

रविवारी चॅपेलमध्ये प्रार्थनेला जायचा तो कोट. उद्याच्या ईस्टरसाठी नेरिसने ब्रश मारून दारामागे अडकवलेला. गळ्याशी काचेची दोन मोठी बटणं, आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध भोक.

"नेम मात्र चुकला नाही," ग्विलिम हळूच म्हणाला.

तेवढ्यात गोळीच्या आवाजाने दचकून उठलेला इद्वल लोकरीच्या लांब चड्डीवर, डाव्या पायात उजवा बूट घालून धावत आला.

"मेली का? मेली का?"

"हा कोट इथे कोणी टांगला?"

"तूच म्हणालीस, दारामागचा."

"दारामागचा म्हणजे माझा जुना! मेंढ्यांत घालायचा!"

इद्वलने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तो तर तू घातलायस."

नेरिसने मान खाली घातली. घातलाच होता. दूध ढवळतानाही तोच अंगात होता. वर्षानुवर्षं घातलेला कोट माणसाला कातडीसारखा होतो, अंगावर आहे हे कळत नाही. पण म्हणून हार मानायची तिची रीत नव्हती. तिने इद्वलची अक्कल काढली, त्याच्या आईची काढली, पेपर छापणाऱ्याची काढली. ग्विलिम मध्ये म्हणाला, "अंग दिसल्याशिवाय मारायचं नाही, मी म्हणत होतो," तशी त्याचीही काढली. इद्वल म्हणाला, तू फोन केलासच का चोरून? ती म्हणाली, चोरून केला म्हणून निदान बंदूक तरी आली! ओरडता ओरडता तिने बॅटरी हलवली, झोत कुंपणाच्या आत गेला, आणि ती मध्येच थांबली.

कुंपण रिकामं होतं. फाटक सताड उघडं. घरातून धावत येताना इद्वल त्यातूनच आला होता.

 उतारावरून नेरिस अशी धावली की ग्विलिम नंतर सांगायचा, आपल्याला वाटलं दगड गडगडला. गोठा पाहिला, खुराड्याखाली पाहिलं. काळ्याला हाक मारली तेव्हा तिचा आवाज फाटला.

आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं. मागचं दारही इद्वलने उघडंच टाकलं होतं. दोघं हीटरपुढे उभी होती. पांढरं टेबलक्लॉथ चघळत होतं, काळं शेतकऱ्यांचा पेपर. वासाचा लेख जवळजवळ संपत आला होता.

नेरिस जमिनीवर बसली, दोघांना ओढून घेतलं आणि तोंड काळ्याच्या लोकरीत खुपसलं. दारात दोन पुरुष उभे राहिले.

"काय बघताय? डोळ्यांत धूर गेलाय माझ्या."

"विजेच्या हीटरचा?" ग्विलिमने विचारलं. तिने तोंड लोकरीत आणखी खोल खुपसलं.

ग्विलिम त्याच रात्री पुन्हा बसायला तयार झाला, पण एका अटीवर: बॅटरी इद्वल धरेल आणि नेरिस घरातून हलणार नाही. कोकरांना कुशीत घेऊन ती खिडकीशी बसली, हे दोघे आता एकमेकांना गोळी घालणार याची वाट बघत. पहाटेच्या आधी एक गोळी वाजली. एकच, आणि कोल्हीण पडली. ग्विलिमने अंग नीट दिसेपर्यंत वेळ घेतला होता आणि इद्वलने बॅटरी सरळ धरली होती. कोणी ओरडत नसलं की तो सरळ धरतो, असं ग्विलिम म्हणाला. हे म्हणायची काही गरज नव्हती.

इद्वल काखेत काळं बोचकं घेऊन आला.

"कोट मिळाला," तो आनंदाने म्हणाला. "भांडणात आपण तिथेच टाकला होता ना? कोल्हीण तो ओढत बिळापर्यंत घेऊन गेली होती. अर्धा बिळात, अर्धा बाहेर. अंथरूण केलं होतं त्याचं. त्याच्यावरच ऐसपैस पसरली होती, बघ."

कोट केसांनी माखला होता आणि खिशात कोंबड्याची पिसं होती. नेरिसने त्यातलं एक पीस चिमटीत धरून बाहेर काढलं.

"भ्यायली नव्हती?"

"छे! मस्त झोपली होती."

सकाळी ईस्टर. न जावं तर मेन्ना, पाद्रीबुवांची बायको, म्हणेल नेरिस तोंड लपवून बसली. ग्विलिमने वाटेत दूधवाल्याला गाठलं होतं, म्हणजे गावाला सगळं कळलेलं. कोट दुसरा नव्हता. तिने मेंढ्यांतला जुनाच झटकला, हनुवटी वर केली आणि चॅपेलमध्ये नेहमीच्या बाकावर जाऊन बसली.

"ये गं, नेरिस कोट," मागून कोणीतरी म्हणालं. नेरिस वळली नाही. नाव चिकटलं हे तिला आवाजावरूनच कळलं, त्यातली ती जाणकार होती.

पहिलं भजन सुरू व्हायच्या आत शेजारच्या मेन्नाने नाकाला रुमाल लावला आणि ती सरकली. मग तिच्यापलीकडची उठली. मग पुढचा बाक रिकामा झाला, मग मागचा. दुसऱ्या भजनापर्यंत नेरिसच्या चारी बाजूंना चांगलं कुरणाएवढं मैदान पडलं होतं. फक्त इद्वल जागेवर होता. तो सगळीकडे नजर फिरवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडत होता.

तो तिच्या कानाशी वाकला.

"बघ," तो म्हणाला, "पेपर बरोबरच होता. कोट चुकला."