आधी बेणं, मग समुद्र

तात्यांना कुणी विचारलं, "तात्या, मॉरिशसचा समुद्र कसा हो?" तर ते एकच उत्तर द्यायचे, "आदी बेणं, मग समिंदर."

मग सांगणं सुरू व्हायचं ते थेट त्यांच्या अंगणातल्या हौदापासून. मध्ये कुणी शिंकलं तरी चालायचं. पण "ते माहितीय, पुढचं सांगा," असं म्हटलं की तात्या पुन्हा हौदापाशी. चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीच्या पायरीवर, सगळीकडे हाच नियम. एकदा बारामतीच्या एसटीत शेजारचा प्रवासी मध्येच आपल्या गावी उतरला. गोष्ट जेमतेम विमानतळापर्यंत आली होती. तात्या त्याच्यामागोमाग उतरले, त्याला समुद्रापर्यंत नेऊन सोडलं आणि पुढच्या गाडीनं आमच्या कळंबला आले.

नव्वदनंतरची ती वर्षं. कारखान्याच्या निवडक ऊसकऱ्यांची सहल मॉरिशसला निघाली आणि तीत तात्यांचा नंबर लागला. शेजारी म्हणून आणि गावचा मास्तर म्हणून त्यांचे सगळे फॉर्म मी भरले. काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, पुण्याच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. पण कुणाच्या घरी रित्या हातानं जाऊ नये, हे त्यांना पक्कं ठाऊक. ऊसकऱ्यानं ऊसकऱ्याकडे जाताना काय न्यावं? बेणं, लावणीचा ऊस! त्यांनी चांगल्या उसाच्या, दोन-दोन डोळ्यांच्या चार टिपऱ्या निवडल्या, हौदात भिजवल्या, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळल्या आणि तात्यांच्या कोऱ्या सदऱ्याखाली ठेवून बॅग बंद केली.

"येकेक डोळा हातानं पारखला हिनं," तात्या सांगायचे. "म्हनली, परमुलखात आपली लाज जायला नगं."

मॉरिशसच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडली आणि टिपऱ्या उचलून बाजूला ठेवल्या. बाहेरचं बेणं म्हणजे बाहेरचा रोग, असा तिथला कायदा. तात्या पेटले.

"सायेब, रोग कुठाय? डोळं बघा की, कसं टपोरं हायती!"

साहेबाला मराठी येत नव्हती आणि तात्यांना दुसरं काही येत नव्हतं. टिपऱ्या भट्टीत गेल्या. फडकं मात्र तात्यांनी मुठीतून सोडलं नाही. शेवटी साहेबानं ते दोनदा झटकून परत दिलं.

आणि इथून तात्या सुटायचे! "गुर्जी, काय मुलूख! रानात दगडाचं ढीग, देवळायेवढं! दगूड येचून येचून ऊस लावलाय लोकांनी. चौफेर ऊस, आन् उसाच्या शेंड्यावर निळा समिंदर!" डाळ भरलेल्या पातळ पोळ्या तिथं रस्त्यात उभ्यानं खातात, हे ते तळहाताची घडी करून दाखवायचे. वाळूवर ढोल वाजत होते, बायामाणसं नाचत होती. एकीनं तात्यांना ओढलं, तेव्हा टोपी सांभाळत तेही नाचले. हे सांगताना ते टपरीवर पुन्हा नाचायचे. उसाला तुरे आलेले, म्हणजे तोडणीला उशीर झालेला, पाहून मात्र त्यांनी त्या देशाचे दहा मार्क कापले. "तुरं येऊस्तवर झोपल्यात का काय?"

एका गावात त्यांना मराठी म्हातारी भेटली. तिचे पणजोबा जहाजातून उसाच्या कामाला आलेले. मूळ गाव कुठलं, तिला ठाऊक नव्हतं. आरत्या पाठ होत्या, पण बोलायची मराठी थोडीच उरली होती. तात्यांचा हात धरून ती म्हणाली, "बोला. मराठी बोला."

"आता काय बोलू? मला काय कीर्तन येतंय? म्हनलं, सरी तीन फुटावर सोडायची. टिपरी आडवी मांडायची. डोळा बगलंला ठिवायचा, खाली न्हाय. पायानं दाबायची, पर हलकं. म्हातारी रडतीया, आन् मी आपला खतापतूर आलो!"

निघताना तात्यांनी ते हिरवं फडकं तिला दिलं. तिनं ते अंगणातल्या तुळशीला गुंडाळलं.

"तितं हिचं लुगडं हाय," असं म्हटलं की गोष्ट संपली.

तात्या परतले आणि पुढच्याच वर्षी काकू गेल्या. गोष्ट थांबली नाही. उलट हौदाचा भाग लांबत गेला. लोक टाळू लागले. खरं सांगायचं तर तात्यांच्या वहाणा वाजल्या की मीही पुस्तकात तोंड खुपसायचो.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी पत्नी गेली. भेटायला येणारे चहा घ्यायचे, पाण्याच्या पाळीचं आणि निवडणुकीचं बोलायचे. मला जपायचं म्हणून तिचं नाव कुणी काढत नव्हतं. पंधराव्या दिवशी तात्या आले. आता हौद, टिपऱ्या, विमानतळ. मी मनाची तयारी केली. तात्यांनी खुर्ची ओढली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आज मॉरिशस न्हाय, गुर्जी," ते म्हणाले. "लोकं समिंदराचं ऐकत्यात. हिचं कुनी ऐकत न्हाय. म्हनून मी आदी बेणं सांगतो." मग म्हणाले, "आता मास्तरीणबाईंचं सांगा. पयल्यापासनं."

"काय सांगू, तात्या? तुम्हाला सगळं माहीतच आहे."

"ठावं हाय. तरी सांगा."

मी सुरुवात केली. लग्नानंतर ती या गावात आली ती माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेवर बसून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. एवढंच बोललो आणि जवळचं पुस्तक ओढलं.

खुर्ची जरा पुढे ओढून तात्यांनी विचारलं, "ट्रॅक्टर कुनाचा व्हता?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो.