दस्तगीरचाचांची ट्यूब

लोणंदच्या बाजारात ट्यूबलाइट घ्यायला कुणी बांगड्या घेऊन जात नाही. आमचे शेजारी दस्तगीरचाचा जातात. खिशातून हिरवी, मोरपंखी, डाळिंबी अशा दोन-चार बांगड्या काढायच्या, पेटलेल्या ट्यूबखाली धरायच्या आणि म्हणायचं, "ह्यो उजेड खोटं बोलतोय." दुकानदार मुकाट दुसरी लावतो.

चाचांनी जन्मभर बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. माझ्या हातात पहिल्या त्यांनीच चढवल्या. मी रडू नये म्हणून ते माझा हात दाबता दाबता आपल्या शेळीची गाऱ्हाणी सांगत; ती संपायच्या आत हात भरलेला असायचा. दुकानात रंग एक आणि घरी गेल्यावर दुसरा, ही त्यांना फसवणूक वाटे. खराब ट्यूब असली की ते गिऱ्हाइकाला सरळ बाहेर उन्हात उभं करत. ऐन लग्नसराईतसुद्धा. बायका वैतागायच्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याकडेच यायच्या.

आता चाचांचं बांगड्यांचं दुकान बंद आहे. परवा त्यांच्या घरातली ट्यूब गेली, तेव्हा येताना काच सांभाळायला म्हणून मी सोबत गेले. दुकानदार म्हणाला, पट्टीच बदला, एलईडी लावा. चाचांना जुन्या पट्टीत बसणारीच हवी होती. एकेक पांढरीफेक ट्यूब लावून झाली. या खेपेला बांगड्या खिशातच राहिल्या. चाचा मला ट्यूबखाली उभं करून माझं तोंड न्याहाळत होते. शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक पिवळसर ट्यूब पेटली आणि ते म्हणाले, "हीच दे."

मी माझा हात तिच्याखाली धरला. हिरव्या बांगड्या शेवाळल्यासारख्या दिसत होत्या.

"चाचा, ही तर खोटं बोलतीय."

"व्हय," ते म्हणाले. "बोलू दे."

घरी जैनबचाची वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. चाचांनी स्टुलावर चढून ट्यूब बसवली. ती दोनदा लुकलुकली आणि लागली. चाचींच्या गालांवर कित्येक महिन्यांत न दिसलेला रंग आला. त्यांनी उशाजवळचा आरसा घेतला, पदर सारखा केला, थोडं हसल्यासुद्धा. चाचा वरूनच बघत राहिले.

मग त्यांनी आरसा ठेवला आणि वर पाहिलं.

"बघ गं बाय, किती वाळल्यात ह्ये," त्या मला म्हणाल्या. "मला भरवत्यात अन् सोता जेवत न्हाईत."

चाचा उगाच स्टार्टर चाचपत राहिले. थोड्या वेळाने खाली उतरले, हात धुतले आणि ताट घेऊन तिथेच, त्यांच्यासमोर बसले. मी बाहेरून दार ओढून घेतलं.