मास्तरांनी घेतलेलं वायफायचं माप

“बाबा, कुठल्या खोलीत किती आकडा येतो, तेवढं लिहून ठेवाल?” वायफाय मोजणारं अ‍ॅप उघडून सुनेने फोन टेलरमास्तरांच्या हातात दिला. अकरा वाजता तिची व्हिडिओवर मुलाखत होती. मास्तरांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपायी तिने हातची नोकरी सोडली होती, रोज सकाळी त्यांना सुया ओवून दिल्या होत्या. ते उपकार फेडायची संधी आज चालून आली होती.

कानामागे पेन्सिल अडकवून मास्तर घरभर हिंडले आणि मापाच्या वहीत शिरस्त्याप्रमाणे लिहीत गेले: बैठक - ४२. स्वयंपाकघर - ६१. अडगळीची खोली - ८८.

“अठ्ठ्याऐंशी! अगं, बैठकीच्या दुप्पट भरतंय!”

“अडगळीत? नक्की ना, बाबा?”

“माझं माप कधी चुकलंय?”

एका नवरदेवाची विजार सोडली, तर खरंच चुकलं नव्हतं. सून लॅपटॉप घेऊन तिथल्या जुन्या गाद्यांवर जाऊन बसली. सिग्नल बाहेर सांडू नये म्हणून मास्तरांनी दारही लावून घेतलं. आकडा त्र्याण्णववर गेला, तसे ते आणखी खूश झाले.

“हॅलो? हॅलो?” करत सून लॅपटॉप पोटाशी धरून बाहेर आली. तिने वही ओढली. “बाबा, ही रेघ कसली?”

“छाती - बेचाळीस, कंबर - चौतीस, तशी रेघ. फोनातही होतीच की!”

“अहो, ते उणे आहे! उणे अठ्ठ्याऐंशी! आकडा मोठा तितकं सिग्नलचं रडगाणं!”

सून धावत बैठकीत, त्यांच्या मशीनपाशी बसली. चित्र लख्ख झालं.

“कुठे गायब झाला होतात?” पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. सुनेने हसतच सगळं खरं सांगितलं, वहीही दाखवली. बाई पोट धरून हसल्या.

“दिवसभर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम आहे. न चिडता चूक उलगडून सांगणारंच माणूस हवं होतं. सोमवारपासून या.”

मास्तरांचे नवे डोळे भरून आले. “पोरी, तुझे उपकार फेडायला गेलो, आणि तुझी नोकरीच घालवत होतो गं.”

“सोमवारसाठी ड्रेस शिवून द्या, की फिटलं सगळं.”

मास्तरांनी वहीचं कोरं पान उघडलं. ‘सूनबाई -’ एवढं लिहिलं आणि थबकले. मग खोडरबर घेऊन त्यांनी ती रेघ नीट पुसून टाकली.

“तुझ्यात काही उणं नाही, बाई.”