इरई म्हणजे काय?

शालिकभाऊंना कोणी मुलगी झाल्याचा पेढा दिला, की ते पेढा तसाच हातात धरून ठेवायचे आणि विचारायचे, "नाव?"

नाव सांगितलं की, "अर्थ?"

अर्थ पटला तर पेढा तोंडात जायचा. नाही पटला तर कागदात गुंडाळून खिशात. "घरी खातो," म्हणायचे. खिशात गेलेला पेढा म्हणजे नापास झालेलं नाव, हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही दोघंही ऊर्जानगरच्या वीज केंद्रात. ते कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर फिटर, मी स्टोअरमध्ये कारकून, म्हणून मला ते 'बाबू' म्हणत. क्वार्टर समोरासमोर. त्यांची बायको मंदाबाई वारल्याला आठ वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला होती. त्यामुळे कंपनीच्या बसमधून उतरल्यावर त्यांचा अर्धा तास माझ्या ओट्यावर जायचा, आणि त्या अर्ध्या तासात नावांखेरीज दुसरा विषय क्वचितच निघायचा.

जुन्या नावांवर त्यांचा लोभ होता. "शेवंता घ्या. शेवंतीचं फूल. एका शब्दात निकाल. आता हे आव्या काय, कियांशी काय? बापाले विचारलं, अर्थ काय जी? त्यानं मोबाईल पाह्यला अन् म्हने, देवाची भेट. परवा दुसऱ्याले विचारलं, थोही म्हने देवाची भेट. काऊन बाबू, देव एकच भेट सगळ्यायले वाटून राह्यला का?"

एकदा एसटीतल्या कंडक्टरबाईंच्या छातीवरची पाटी वाचून त्यांनी अर्थ विचारला, तेव्हा तिने सुट्टे पैसे परत देताना जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शालिकभाऊंवर त्याचा परिणाम झाला नाही. "बाई रागीट हाय, पन अर्थ मालूम नाई तिले," एवढंच ते उतरताना म्हणाले.

आता गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या मुलीचं नाव इरई होतं, आणि त्याचा अर्थ त्यांना येत नव्हता.

इरई ही आमच्या उशाची नदी. तिच्यावर धरण आहे, त्या पाण्यावर आमचं वीज केंद्र चालतं. पण गंगा, गोदावरी, नर्मदा या नावाच्या बाया गल्लोगल्ली सापडतात, तशी इरई नावाची बाई कुठे सापडत नाही. शाळेत तिला सगळे इरा म्हणत. बँकेत ती इरावती झाली होती, गॅसच्या पुस्तकात हिरा. शालिकभाऊ प्रत्येक ठिकाणी जाऊन खिडकीवर उभे राहत. "र ले काना नाई जी. शेवटी ई. दीर्घ." आणि खिडकीतला माणूस वैतागून विचारायचा, "पण याचा अर्थ काय?" तिथे शालिकभाऊ अर्जाची घडी करून खिशात घालायचे.

"मंदानं ठेवलं," एकदा त्यांनी मला सांगितलं. "बाळंतपन तिच्या माहेरी झालं. मी इथी ड्युटीवर. माह्या मनात शीतल होतं. चिठ्ठी आली, नाव इरई ठेवलं. मले राग आला. म्हटलं, नदीचं नाव ठेवते का कोनी? मंदा म्हने, गोदावरी ठेवतेतच ना. पन इरईच काऊन ठेवलं, ते काई विचारलं नाई. मंग राहूनच गेलं."

आपल्या पोरीच्या नावाला कुठे तरी जोडीदारीण असेल, ही आशा मात्र त्यांनी सोडली नव्हती. सावलीकडच्या एका खेड्यात देवळाच्या भिंतीवर भजनी मंडळातल्या बायांची नावं रंगवली आहेत आणि त्यात एक इरई आहे, असं कोणी तरी सांगितलं. रविवारी शालिकभाऊंनी मोटारसायकल काढली. नाव होतं. पण भिंतीचा रंग उडाला होता आणि ती निघाली हिरई. ऐंशीच्या घरातली म्हातारी. "मी त हिरई हावो जी," ती म्हणाली. "पन एवढ्या दुरून आलाच हा, त जेवून जा." शालिकभाऊ भात-वरण खाऊन परत आले. "बाई लय मायाळू हाय," मला म्हणाले, "पन कामाची नाई."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर इरईचं लग्न जमलं.

मुलगा पुण्यात तिच्याच कचेरीतला, माणसं अमरावतीची. मुलाच्या आईचा फोन आला. बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत आहे. आजकाल आम्ही आग्रह धरत नाही, पण हे नाव जरा वेगळंच वाटतं, पाहुणे विचारतील. आम्ही ईश्वरी म्हणावं म्हणतो. अर्थाचं नाव आहे.

शालिकभाऊंनी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मले माझं नाव आवडते. पन लहानपनापासून सगळे विचारतेत अन् मी त्यायच्या तोंडाकडे पाहत राह्यते. तुम्ही अर्थ सांगा, मी भांडते. अर्थच नसंल त काय म्हनून भांडू?"

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत शालिकभाऊंनी जे केलं ते पाहून खात्यातले लोक त्यांच्यासमोरून जायचे बंद झाले. शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी सांगितलं, इरा म्हणजे पाणी. "मंग शेवटची ई कुठून आली?" बाई म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. आमच्यातला एक हेल्पर गोंडी बोलणारा. तो म्हणाला, आमच्याकडं मोहाच्या झाडाले इरुक म्हनते, त्यातून आलं असंल. शालिकभाऊ खूश झाले. मोहाचं झाड, फूल, गोडवा, सगळं जुळत होतं. पण सिरोंच्याकडून आलेल्या एका तेलुगू वेल्डरने मध्येच तोंड घातलं, की इरवै म्हणजे वीस.

"वीस?"

"वीस. दहा आणि दहा."

त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "बाबू," म्हणाले, "पानी, मोह नाई त वीस. व्याह्यायले काय सांगू? एक निवडा म्हनू?"

मंदाबाईंची मोठी बहीण सुमनबाई पोंभुर्ण्याला दिलेली. साक्षगंधाचं बोलावणं द्यायला जायचं होतं, आणि शालिकभाऊंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मी चालवली.

सुमनबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. त्यांनी चहा केला, कोणाकोणाला सांगितलं ते विचारलं, आणि मग नावाचं प्रकरण ऐकून त्या शालिकभाऊंकडे बघतच राहिल्या.

"तुमाले खरंच मालूम नाई, भाऊजी?"

"नाई जी."

"अन् तिले इचारलं बी नाई?"

"राहून गेलं जी."

"लग्नाच्या वर्षी, पोळा झाल्यावर तुम्ही मंदाले आनाले आमच्या गावाले आल्ते. भद्रावतीहून बस धरली. इरईले पूर होता. आठवते?"

"आठवते ना," शालिकभाऊ म्हणाले. "पुलावरून पानी. दुपारपासून अंधार पडेपर्यंत बस थांबून. दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी गेली माही. लय शिव्या देल्या मी त्या नदीले."

"शिव्याच आठवतेत तुमाले." सुमनबाई हसल्या नाहीत. "मंदाचं लग्न होऊन चार महिने झाल्ते. तुम्ही ऊर्जानगरले कारखान्यात, मंदा तिकडं सावलीजवळ सासू-सासऱ्यायजवळ. महिन्यातून दोन दिवस घरी याचे तुम्ही. घर मानसायनं भरेल. तुमच्यासंग चार शब्द बोलाची सोय नाई तिले. त्या दिवशी लोकं बसमधून उतरून पूर पाहत होते. तुम्ही तिच्यासाठी भुट्टा आनला. अन् इचारलं, मंदा, तुले आमच्या घरी करमते का?"

शालिकभाऊंनी मान वर केली.

"बाळंतपनाले आली तवा सांगे मले. म्हने, बाई, चार महिन्यांत सगळ्यायनं इचारलं, सैपाक येते का, धान निंदता येते का. हे कोनी नाई इचारलं. थ्या नदीनं अडवलं नसतं त यायनं बी नसतं इचारलं. पोरगी झाली त इरईच नाव ठेवीन." सुमनबाईंनी मोहफुलांवरून हात फिरवला. "मले वाटलं तुमाले सांगितलं असंल तिनं."

परत येताना शालिकभाऊंनी वाटेतल्या एकाही पाटीवरच्या नावाचा अर्थ विचारला नाही. त्यांच्याबरोबरच्या बावीस वर्षांत असा प्रवास मी पहिल्यांदा केला. रात्री त्यांच्या घरातून फोनवर बोलल्याचा आवाज येत होता. बराच वेळ. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला गेलोही नाही.

साक्षगंधाच्या दिवशी अमरावतीची माणसं आली. चहापाणी झालं. मुलाच्या आईने हसतच विषय काढला, "मग शालिकराव, सापडला का नावाचा अर्थ?"

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मला वाटलं, आता पुराची गोष्ट निघणार. बैठकीत वीसेक माणसं होती.

"सापडला जी," शालिकभाऊ म्हणाले. "पन तो सांगाचा नाई. घरचा हाय."

"म्हणजे?"

"म्हनजे घरचा."

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मुलाकडे. इरई दारातच उभी होती. ती आत आली आणि साडी सावरून सरळ बापाच्या शेजारी, सतरंजीवर बसली. "मले माझं हेच नाव राहू द्या," ती म्हणाली. "अर्थ मले समजला आहे." मुलगा म्हणाला, "मी तर तिला इरईच म्हणतो, आई." बाई दोघांकडे पाहून म्हणाल्या, "राहू द्या मग. पत्रिकेत नीट लिहून घ्या म्हणजे झालं."

संध्याकाळी पाहुणे गेले. सतरंज्या झटकायला मी थांबलो होतो. शालिकभाऊ खुर्चीत टेकले होते. इरई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहून म्हणाली, "बाबा, मंग आई काय म्हनली तवा? करमते म्हनली का नाई?"

शालिकभाऊंनी पेला हातात घेतला.

"तेच आठवून राह्यलो, बेटा, पोंभुर्ण्याहून आलो तवापासून. भुट्टा आठवला. तिचं हिरवं पातळ आठवलं. पन तिनं काय सांगितलं, ते नाई आठवत."

इरई म्हणाली, "करमतेच म्हनली असंल. नाई त हे नाव कशाले ठेवलं असतं तिनं?"

"असंल," शालिकभाऊ म्हणाले.

ती आत गेली. मी सतरंजीची घडी घालत होतो. ते पाणी न पिता तसेच बसून होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "असंल."