वांग्यांवरचा अंगठा

"सेत्तीमिया! माझा अंगठा कुठाय?"

"पायाला असेल, बघ नीट," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

उल्देरिकोचा स्वतःचा अंगठा चपलेत जागच्या जागी होता, वाकड्या नखासकट आणि सांध्यावरच्या कुरुपासकट. गायब होता तो दुसरा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा अवाढव्य देवाच्या पुतळ्याचा, भोपळ्याएवढा संगमरवरी अंगठा! रोमच्या टेस्टाच्चो भागातल्या आपल्या स्टुडिओत या शिल्पकाराने असे तुकडे जन्मभर हौसेने जमवले होते, आणि आज ते अभ्यासायला विद्यापीठातून डॉ. मिरेला येणार होत्या. अंगठा पसंत पडला तर तो थेट प्रदर्शनात जाणार, खाली 'उल्देरिको यांच्या संग्रहातून' अशी पाटी लागणार. जन्मभर मूर्ती घडवूनही बिचाऱ्याचं नाव आजवर फक्त दारावरच्या घंटीखाली लागलं होतं.

अंगठा सापडला तो स्वयंपाकघरात. मिठात घातलेल्या वांग्यांवर ताटली, ताटलीवर फडकं आणि फडक्यावर अंगठा.

"अगं, हे काय केलंस! उचल आधी!"

"उद्या सकाळपर्यंत मुळीच नाही. वजन काढलं की वांगी पाणी धरतात. गेल्या वर्षी तुझं ऐकलं आणि लोणच्याचा पार चिखल झाला. आणि सोमवारी कुरूप दाखवायला जायचंय, विसरू नकोस. डॉक्टरची वेळ घेतलीय मी."

तेवढ्यात घंटी वाजली. उल्देरिकोची तारांबळ उडाली. फळीमागे आणखी एक अंगठा धूळ खात पडला होता. खऱ्याला जोडीदार हवा म्हणून त्याने तो एकदा स्वतःच घडवला होता. तोच त्याने झटकला आणि चौथऱ्यावर ठेवून दिला. तासाभराचा तर प्रश्न, असं मनाला समजावलं.

मिरेलाबाईंनी टाच मोजली, घोटा मोजला आणि अंगठ्यापाशी येऊन थबकल्या.

"उस्ताद, हे काय आहे?"

"अंगठा," उल्देरिको कसाबसा म्हणाला.

"असला अंगठा मी जन्मात पाहिला नाही हो! देवांचे अंगठे कसे गुळगुळीत असतात. इथे नख वाकडं, वर चक्क कुरूप! देवाला पायपीट करायला लावलीय या माणसाने. काय हात असेल त्याचा!"

खरं सांगायला उघडलेलं तोंड उल्देरिकोने मिटलं. असं त्याच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. "आणखी काय वाटतं?" त्याने हळूच विचारलं.

बाईंना पुष्कळ काही वाटलं. शेवटी त्यांनी प्रदर्शनाच्या संचालकांनाच फोन लावला. "पहिल्या दालनात मधली जागा राखून ठेवा!" आता मात्र उल्देरिकोला घाम फुटला.

हात धुवायला बाई स्वयंपाकघरात गेल्या. "अरे वा, नक्कलही केलीत? बरी आहे. जरा निर्जीव वाटते, नाही?"

"निर्जीवच बरा," सेत्तीमिया म्हणाली. "वांग्यांवर हलत नाही."

परत आल्यावर बाईंच्या हातातली टेप निसटली आणि टेबलाखाली गेली. त्या ती काढायला वाकल्या, त्या वर येईचनात.

"उस्ताद," टेबलाखालून आवाज आला, "जरा पाय पुढे करा."

उल्देरिकोने केला. बाईंनी पाय पाहिला, मान वर करून दगड पाहिला, पुन्हा पाय पाहिला.

"मीच तो," उल्देरिको पडेल आवाजात म्हणाला. "म्हणजे घडवणाराही मीच आणि अंगठाही माझाच."

बाई फरशीवरच फतकल मारून हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. "आणि खरा?"

"वांग्यांवर."

बाई धावल्या, पण दारात सेत्तीमिया झारा घेऊन उभी होती. "उद्या सकाळी, पोरी. आता जेवून जा."

जेवताजेवता बाईंनी कान धरून फोनवर संचालकांना सगळं सांगितलं. पलीकडे ते इतके हसले की उल्देरिकोलाही ऐकू गेलं. "मग दोन्ही पाठवा," ते म्हणाले. "शेजारी शेजारी ठेवू. नव्याखाली त्यांचंच नाव, शिल्पकार म्हणून!" उल्देरिकोने त्या दिवशी तीनदा वाढून घेतलं.

सोमवारी सेत्तीमिया पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "चल, डॉक्टर वाट बघतोय. ते कुरूप एकदाचं काढून टाकू."

उल्देरिकोने पाय पोटाशी ओढून घेतला.

"वेड लागलंय का तुला? प्रदर्शन संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कुणी ताडून बघायला आलं, तर मूळ प्रत नको का जागेवर?"