मामंजींची मिशी आणि पंखा ब्रश

ब्रशांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! कलकत्त्यात बालीगंजच्या चित्रकलेच्या वर्गात मी चांगली दोन वर्षं काढली होती. आभाळ, भिंत रंगवायला चपटा ब्रश, नाकडोळ्यांना गोल टोकदार आणि केसांना पंख्यासारखा पसरट. झोपेत विचारलं असतंत तरी सांगितलं असतं! म्हणूनच एकाहत्तर साली मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या साठीला मी जाहीर केलं, "त्यांचं तैलचित्र मी करणार!"

"नवी सून आहेस, जपून," हे म्हणाले. "बिघडलं तर जन्मभर ऐकावं लागेल."

"बघाच तुम्ही!"

मामंजी फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे लष्कराच्या किल्ल्यात, हिशेबनीस होते. मिशी पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, दर रविवारी छोट्या कात्रीने कातरलेली. चेहरा छान उतरला. समारंभाच्या सकाळी फक्त मिशी उरली होती. मिशी म्हणजे केसच की! उचलला पंखा ब्रश, बुडवला काळ्या रंगात, टेकवला ओठावर. एका फटक्यात मिशी गालावर!

डावी लांबली म्हणून उजवी लांबवली. ती जास्तच पसरली. घाईने चपट्या ब्रशने वरून गालाचा रंग फासला. पण काळा रंग ओलाच! तो त्यात कालवला गेला आणि मामंजी आठवडाभर दाढी न केल्यासारखे दिसू लागले. आता ते करडे गाल झाकायला एकच उपाय, आणखी मिशी! शेवटी गोल ब्रशने टोकं वळवून कानापर्यंत आकडे काढले.

"अगं, हा कोण दरोडेखोर?" सासूबाई दारातच थबकल्या.

"मामंजी."

"हे असे दिसत असते, तर मी बोहल्यावर चढलेच नसते!"

चित्रावर अलगद कापड टाकलं, ते आत नेऊन लपवणार, तोवर पाहुणे आले. शेजारच्या घोषालबाबूंनी वरचं कापड ओढलंच. "आरे बाबा! श्यामरावबाबू, आपनि तो एकेबारे जेनारेल!" म्हणजे अगदी लष्करातले जनरलच!

मामंजी चित्रासमोर उभे राहिले. स्वतःच्या ओठावरून हळूच बोट फिरवलं.

"वृंदा, किल्ल्यात जन्मभर सुभेदारांच्या मिशा बघत आलो. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिशी वाढवायला घेतली! रोज सकाळी चित्राशी ताडून बघायचे. पुढे तर चहा पिताना ती एका हाताने वर धरावी लागे. मी मात्र कौतुकाची सून झाले.

यथावकाश सासूबाईंची साठी आली. मी उत्साहाने विचारलं, "आई, तुम्हाला काय देऊ?"

"साडी," त्या घाईघाईने म्हणाल्या. "दुकानातून आणलेली!"